काचेची इमारतही वारसा असते, ती कशी?

न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ४३वा रस्ता मिळतात त्या कोपऱ्यावर १९५४ साली एका बँकेची नवी शाखा उघडली. बँकेचं नाव मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्ट कंपनी. तिच्या तिजोरीचं दार लखलखीत पोलादाचं आणि ३० टन वजनाचं होतं. असं दार एरवी तळघरात असतं. इथे ते तळमजल्यावर, रस्त्याकडेच्या काचेच्या भिंतीला अगदी लागून बसवलं होतं. फुटपाथवरून जाणाऱ्या कुणालाही ते दिसायचं, दिवसा आणि रात्रीसुद्धा.

आज बँकेला काचा असण्याचं कुणाला काही वाटत नाही. गल्लीतल्या पतपेढीलाही काचेचं दार असतं. पण त्या काळात अमेरिकेतली मोठी बँक म्हणजे दगडी खांबांची, ग्रीक देवळाच्या थाटाची वास्तू. मुंबईत फोर्टातल्या जुन्या बँका पाहिल्या असतील तर हा थाट ओळखीचा वाटेल. जाड भिंती, उंच जोती, खिडक्यांना गज. ठेवीदाराला त्यातून एकच सांगायचं असे की तुमचा पैसा इथे सुरक्षित आहे. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या. दगडी खांबांनी त्यातली एकही वाचवली नाही. युद्धानंतर पगारदार माणसांच्या हाती पैसा आला, बँकांना सामान्य गिऱ्हाईक हवं झालं, आणि त्या गिऱ्हाइकाला जोत्याच्या पायऱ्या चढायचं दडपण येत होतं. मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्टने स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या वास्तुरचनाकारांच्या कंपनीकडे काम दिलं, आणि तिथल्या गॉर्डन बन्शाफ्ट यांच्या देखरेखीखाली बँकेचं रूपच पालटलं.

विसाव्या शतकाच्या मध्यावरच्या अशा दुकान-कचेरीच्या इमारती वाचवा असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात वाचवण्यासारखं काय आहे? नक्षी नाही, मूर्ती नाही, घुमट नाही. राजवाडा असता, देऊळ असतं, निदान दोनशे वर्षांचा वाडा तरी असता. काचेचा डबा कशासाठी जपायचा? प्रश्न रास्त आहे. या बँकेच्या इमारतीत त्याचं उत्तर नीट सापडतं, म्हणून जरा आत जाऊन पाहू.

जुन्या इमारतीत भिंत वजन पेलते. भिंत काढली तर मजला खाली येईल, म्हणून खिडकी लहान ठेवावी लागते. पोलाद आणि सलोह काँक्रीट आल्यावर वजन खांबांवर गेलं. इथे बन्शाफ्ट यांच्या चमूने मोजकेच खांब ठेवले आणि तेही भिंतीपासून आत. मजल्यांचे स्लॅब खांबांच्या पुढे बाहेर झेपावलेले आहेत, खिडकीवरचा छज्जा भिंतीतून बाहेर येतो तसे. मग बाहेरच्या भिंतीवर कसलंच ओझं राहिलं नाही. ती फक्त ऊन, पाऊस, वारा अडवते. अशा भिंतीला बांधकामातले लोक कर्टन वॉल म्हणतात. ती ॲल्युमिनियमच्या चौकटीत काचा बसवून केलेली आहे. यातल्या सर्वांत मोठ्या काचा सुमारे २२ फूट उंच आणि पावणेदहा फूट रुंद होत्या. एवढी मोठी तावदानं त्याआधी कुठल्या इमारतीला लागल्याचं ऐकिवात नव्हतं.

इथवरचं काम इंजिनिअरिंगचं झालं. खरी करामत पुढे आहे, आणि ती सहज नजरेत भरत नाही. भर दुपारी काचेच्या इमारतीसमोर उभं राहून पाहा. आतलं काही दिसत नाही. समोरचा रस्ता, आभाळ आणि आपलंच तोंड दिसतं. बाहेरचा उजेड आतल्या उजेडापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे काच आरशासारखी वागते. म्हणजे नुसती काच लावून इमारत पारदर्शक होत नाही. ती व्हायची तर आतला उजेड वाढवावा लागतो. या बँकेत म्हणून अख्खं छतच दिव्याचं केलं. पन्हाळीदार प्लॅस्टिकचे पातळ पत्रे छतभर लावले आणि त्यांच्या मागे नळीचे दिवे. कुठे झुंबर नाही, कुठे सुटा बल्ब नाही, छताचा सगळा पृष्ठभाग सारखा उजळलेला. त्यामुळे दिवसाही रस्त्यावरून आतपर्यंत नजर जायची. वरचा बँकिंग हॉल काचेला चिकटू न देता मागे घेतला होता. सरकते जिने मोकळ्या जागेत उभे होते, वर-खाली जाणारी माणसं फुटपाथवरून दिसावीत अशा बेताने. त्या हॉलमध्ये शिल्पकार हॅरी बर्टोया यांनी धातूचा एक पडदा घडवला होता, ७० फूट लांब, १६ फूट उंच, पितळ-तांब्याचा मुलामा दिलेल्या सुमारे ८०० पोलादी तुकड्यांचा. रात्री छत उजळलं की हा सोनेरी पडदा रस्त्यावरून लखलखताना दिसायचा. तिजोरीच्या दाराला रूप दिलं होतं हेन्री ड्रेफस यांनी. टेलिफोनपासून रेल्वे इंजिनापर्यंतच्या वस्तूंना आकार देणारा हा माणूस.

आता पुन्हा त्या प्रश्नाकडे येऊ. या इमारतीत मौल्यवान काय आहे? काच नाही, ती कारखान्यात आणखी बनते. ॲल्युमिनियमही नाही. मौल्यवान आहे ती मांडणी. छताचा उजेड, मागे घेतलेला मजला, काचेजवळची तिजोरी, जिन्याची जागा, मागचा सोनेरी पडदा, आणि या सगळ्यांतून रस्त्याचं आतल्या जागेशी जुळलेलं नातं. यातली एक गोष्ट हलवली की बाकीच्यांचा अर्थ उणा होतो. जुन्या देवळाचा एखादा नक्षीदार खांब संग्रहालयात नेला तरी तो खांब म्हणून पाहण्यासारखा उरतो. या बँकेच्या छताचा प्लॅस्टिकचा पत्रा संग्रहालयात नेला तर तो नुसता पत्रा. माझ्या मते आधुनिक इमारतींच्या वारशाबद्दल सर्वांत आधी समजून घ्यायचं ते हेच, आणि कायद्याची गाडी नेमकी इथेच अडते.

न्यूयॉर्कचा वारसा कायदा १९६५ सालचा. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६३ मध्ये, पेनसिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत पाडायला सुरुवात झाली होती आणि शहर हळहळत होतं. त्या हळहळीतून हा कायदा आला. एखादी इमारत शहराच्या वारसा यादीत यायची तर ती किमान ३० वर्षं जुनी हवी, अशी त्यात अट आहे. ऐतिहासिक स्थळांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीसाठी साधारण ५० वर्षं धरतात, अगदी अपवादात्मक इमारत असेल तर सूट मिळते. आपल्याकडे केंद्राच्या प्राचीन स्मारक कायद्याची मर्यादा १०० वर्षांची. अशी अट असणं चूक नाही, कारण कालची आवड आज उतरलेली असते आणि काळाचं थोडं अंतर पडल्याशिवाय चांगलं-वाईट कळत नाही. पण व्यापारी इमारतीच्या बाबतीत हे अंतर जीवघेणं ठरतं. तीस-चाळीस वर्षांत तिची वातानुकूलन यंत्रणा जुनी होते, भाडेकरू निघून जातात, जमिनीचा भाव कितीतरी पट चढतो. म्हणजे ती सर्वांत नकोशी होते त्याच सुमाराला ती वारसा यादीला पात्र ठरते.

पार्क ॲव्हेन्यूवरच्या लिव्हर हाउसचं अगदी असंच झालं. साबणाच्या कंपनीची ही कचेरी १९५२ साली पुरी झाली. तीही बन्शाफ्ट आणि नताली द ब्लोआ यांच्या हातची, २४ मजली, हिरवट-निळ्या काचेची. दोन्ही बाजूंना दगड-विटांच्या भक्कम इमारती असताना या इमारतीने मधली जागा चक्क मोकळी सोडली. बुटका आडवा भाग खांबांवर उचलून धरला, खाली लोकांना जायला-यायला मोकळं अंगण ठेवलं, आणि त्यावर एका बाजूला सडपातळ मनोरा उभा केला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मनोऱ्याने भूखंडाचा चौथा हिस्साच व्यापला तर त्याला पायरी-पायरीने मागे सरकावं लागत नसे. लिव्हर हाउसने त्या नियमाचा पुरता उपयोग केला. समोरच्या बाजूला १९५८ मध्ये मीस व्हान डेर रोहे यांचं सीग्रॅम बिल्डिंग आलं, त्यानेही पुढे मोठा चौक मोकळा सोडला. १९६१ मध्ये शहराने नियम बदलले आणि खाली मोकळी जागा सोडणाऱ्याला वर जादा चटईक्षेत्र द्यायला सुरुवात केली. एका इमारतीतला विचार शहराच्या नियमांपर्यंत पोचतो, हासुद्धा वारसा मूल्याचाच भाग आहे. जगभरच्या शहरांत लिव्हर हाउसच्या नकला उभ्या राहिल्या, त्यातल्या पुष्कळ वाईट होत्या. पण वाईट नकलांचा दोष मूळ इमारतीच्या माथी मारणं बरोबर नाही.

तीस वर्षं भरली आणि १९८२ मध्ये लिव्हर हाउस शहराच्या वारसा यादीत आलं. त्याच सुमारास ते पाडून जास्त मजल्यांचा टॉवर बांधायचा बेतही पुढे आला होता. यादीत जायला थोडा उशीर झाला असता तर आज ते फोटोतच पाहावं लागलं असतं.

पुढे काचेचं दुखणं निघालं. चौकटींमध्ये पाणी शिरलं, आतलं पोलाद गंजलं. गंजलेलं पोलाद फुगतं, तसं ते फुगलं आणि त्याच्या दाबाने काचा तडकू लागल्या. बदललेल्या काचांचा रंग जुन्यांशी जुळेना. नव्वदच्या दशकापर्यंत मूळ काचा अगदी थोड्या उरल्या होत्या. शेवटी १९९८ ते २००१ या काळात पूर्ण भिंतच नवी केली, आणि तीही त्याच स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिलने. बाहेरून रेघ न् रेघ, रंगाची छटा मूळची, आतली जोडणी मात्र गंजणार नाही अशी.

मग आज जे उभं आहे ते मूळ लिव्हर हाउस की त्याची प्रत? दगडी लेण्याच्या बाबतीत उत्तर सोपं असतं. मूळ दगड गेला की अस्सलपणा गेला. लाकडी देवळांचे कुजलेले भाग पिढ्यान्‌पिढ्या बदलत राहणाऱ्या जपानला हे पटत नव्हतं, आणि १९९४ मध्ये नारा या शहरात जमलेल्या तज्ज्ञांनी अस्सलपणाची कसोटी सामग्रीपुरती न ठेवता रचना, उपयोग, परंपरा, भाव इथपर्यंत रुंदावली. तो जाहीरनामा जुन्या संस्कृतींना समोर ठेवून लिहिला होता, पण लिव्हर हाउसला तो चपखल बसतो. ज्या इमारतीचा मूळ विचारच कारखान्यात बनलेल्या, एकासारख्या एक भागांचा आहे, तिचा भाग त्याच मापाने, त्याच छटेने बदलला तर विचाराला धक्का लागत नाही. मी या बदलाला जतनच म्हणेन, आणि निःसंकोचपणे म्हणेन. उलट गंजकी भिंत तशीच ठेवून आतलं अंगण दुकानांनी भरलं असतं, तर सामग्री मूळची राहून इमारत संपली असती.

मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्टच्या इमारतीवर जवळजवळ हीच पाळी आली. तिचा बाहेरचा भाग १९९७ मध्ये संरक्षित झाला. आतला भाग नाही. न्यूयॉर्कमध्ये आतल्या भागाला संरक्षण देण्याची सोय १९७३ पासून आहे, पण त्यासाठी ती जागा लोकांना नेहमी खुली असायला हवी आणि वेगळी घोषणा करावी लागते. तशी घोषणा झालीच नव्हती. आता या इमारतीत बाहेर कुठे संपतं आणि आत कुठे सुरू होतं? भिंत काचेची आहे. फुटपाथवर उभं राहून जे पाहायचं ते सगळं आतच आहे. बाहेरचा भाग वाचवला याचा अर्थ चौकटी वाचवल्या, एवढाच निघत होता.

२०१०च्या शरद ऋतूत बर्टोयांचा पडदा उतरवून बाहेर नेला गेला. तो तेव्हाच्या बँकेच्या मालकीचा होता आणि कायद्याने त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. इमारतही विकली गेली होती, नव्या मालकाला तिथे दुकान आणायचं होतं. वारसाप्रेमींनी आवाज उठवला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये शहराच्या वारसा आयोगाने पहिल्या दोन मजल्यांचा आतला भाग संरक्षित जाहीर केला. पण दोनच महिन्यांनी त्याच आयोगाने फिफ्थ ॲव्हेन्यूच्या बाजूला नवी दारं पाडायला, सरकत्या जिन्यांची जागा आणि दिशा बदलायला आणि तिजोरीच्या भिंतीचा काही भाग मोकळा करायला परवानगी दिली. नागरिक कोर्टात गेले, काम थांबलं, तडजोड झाली. २०१२ मध्ये कपड्यांचं दुकान उघडलं आणि बर्टोयांचा पडदा परत आपल्या जागी आला.

पडदा परतला याचा मनापासून आनंद आहे. जिन्यांचं मात्र अजून खटकतं. बँकेत वर जाणाऱ्या माणसाची वाट ही त्या मांडणीतली एक रेघ होती, आणि ती खोडून दुसरीकडे काढली. दुकान आलं याला माझी हरकत नाही. व्यापारी इमारतीत व्यापार चालायलाच हवा, नाहीतर तिची देखभाल कोण करणार? तळमजल्यावर कपडे विकले जात असले तरी उजळलेलं छत आणि रस्त्यावरून आत जाणारी नजर शाबूत राहू शकते. तेवढं शाबूत राहतंय ना, हे प्रत्येक परवानगीच्या वेळी विचारायचं असतं.

आतला भाग संरक्षित झाला तरी सगळं वाचतं असं नाही. सीग्रॅम बिल्डिंगमध्ये वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सन यांनी सजवलेलं फोर सीझन्स हे रेस्टॉरंट होतं. त्याचा आतला भाग १९८९ मध्ये संरक्षित झाला. पण कायदा धरतो ते भिंती, छत, जमीन, पक्कं बसवलेलं सामान. २०१६ मध्ये रेस्टॉरंटचा भाडेकरार संपला आणि मूळ खुर्च्या, टेबलं, ताटं-वाट्या लिलावात गेल्या. खोली तीच, पण खोलीत मांडलेला संसार गेला. असं सामान सरकारने जबरदस्तीने धरून ठेवावं असं मी म्हणणार नाही, ती अखेर कुणाची तरी मालमत्ता आहे. निदान त्याची मोजमापं, फोटो, कुठली वस्तू कुठे होती याची नोंद संरक्षणाच्या कागदपत्रांत असावी.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. फिफ्थ ॲव्हेन्यूवर चार-पाच मजली इमारत ठेवणं म्हणजे वरची सगळी विक्रीयोग्य हवा सोडून देणं. ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधू न दिल्याबद्दल रेल्वे कंपनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७८ मध्ये हरली. शहराने मालकाला न वापरलेले बांधकामाचे हक्क जवळच्या दुसऱ्या जागेवर न्यायची मुभा दिली होती, हा मुद्दा त्या निकालात महत्त्वाचा ठरला. मुंबईकरांना ज्याला टीडीआर म्हणायची सवय आहे तेच हे. ऊर्जेचा आक्षेपही खराच आहे. एकेरी काचेची, न उघडणारी भिंत उन्हाळ्यात तापते, थंडीत गारठते आणि विजेचं बिल वाढवते. पण म्हणून पाडणं हा हिरवा उपाय ठरत नाही. पार्क ॲव्हेन्यूवरच १९६० साली युनियन कार्बाइडची ५२ मजली इमारत उभी राहिली, तीही बन्शाफ्ट आणि द ब्लोआ यांचीच. २०१२च्या सुमारास तिचं पूर्ण नूतनीकरण होऊन पर्यावरणपूरक म्हणून सर्वोच्च दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं. वारसा यादीत ती नव्हती. काही वर्षांतच नवा, आणखी उंच टॉवर बांधण्यासाठी ती पाडायला घेतली आणि २०२१ पर्यंत संपवली. मालकाने आपण होऊन पाडलेल्या इमारतींत तोवरची सर्वांत उंच. ते पोलाद, ते काँक्रीट घडवताना जो कार्बन हवेत गेला होता तो गेलाच, नव्या टॉवरचा आणखी वेगळा.

भारतात या पिढीच्या इमारतींची सर्वांत जखम करणारी आठवण दिल्लीची आहे. प्रगती मैदानावरचा हॉल ऑफ नेशन्स १९७२चा, वास्तुरचनाकार राज रेवल आणि इंजिनिअर महेंद्र राज यांनी काँक्रीटच्या त्रिमितीय सांगाड्यातून उभारलेला. एप्रिल २०१७ मध्ये तो पाडला गेला. त्याला साठ वर्षं झालेली नव्हती, हे कारण दिल्लीच्या वारसा समितीने पुढे केलं होतं.

महाराष्ट्रापुढे आता नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत आहे. १९७४ची, म्हणजे या घराण्यातली जरा धाकटी, २३ मजली. तिचा आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांचा, आणि बर्गी हे फोर सीझन्स सजवणाऱ्या फिलिप जॉन्सन यांचे भागीदार. राज्य सरकारने ती १,६०१ कोटी रुपयांना घ्यायचं ठरवलं, मंत्रालयाला कमी पडणारी जागा तिथे मिळावी म्हणून. सरकारी कचेऱ्या येणार म्हणजे पार्टिशनं येणार, फायलींची कपाटं येणार, छतं उतरवून नव्या वायरी टाकल्या जाणार. ते व्हायलाही हवं, इमारत वापरात राहिली तरच टिकेल. पण पहिली भिंत उभी राहण्याआधी सार्वजनिक बांधकाम विभागाने तळमजल्याची, जिन्यांची आणि दर्शनी भागाची मोजणी करून घ्यावी, मूळ नकाशे शोधून त्यांच्या प्रती काढाव्यात, कुठली गोष्ट मूळची आणि कुठली नंतरची याची यादी करावी आणि ती लोकांना पाहायला खुली ठेवावी. त्यासाठी इमारत वारसा यादीत येण्याची वाट पाहण्याची गरज नाही.